झाडाखाली चिरडलेला कटर

आमचा झाडे कापायचा चेनसॉ ११ जून २०२० रोजी दुपारी उंडीच्या झाडाखाली चिरडला गेला आणि त्याच्या जागी दुसरा हातात येईपर्यंत ८ ऑगस्ट उजाडला. मधल्या दोन महिन्यांत एकदा दुरुस्ती करून घेतली, ती फसली, मग दुसरीकडे तपासणी करवली आणि शेवटी नवे यंत्र घेतले. या सगळ्यात जे पैसे गेले त्यांपैकी निदान चार हजार रुपये केवळ मेस्त्रीला काय विचारायचे हे मला ठाऊक नव्हते म्हणून गेले. तेवढ्यासाठी हे क्रमवार लिहून ठेवतो आहे.

आमचे गाव दापोली तालुक्यात, किनाऱ्यालगत. चेनसॉ हा शब्द इकडे फक्त बिलावर दिसतो, बोलताना सगळे त्याला कटरच म्हणतात. मीही पुढे तोच शब्द वापरतो. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि रायगडला आमच्यापासून वेगळे करणाऱ्या बाणकोट खाडीच्या अलीकडे असूनही आम्ही त्यातून सुटलो नाही. अठरा गुंठ्यांच्या आगरातल्या ६१ पोफळी, ९ नारळ, एक फणस आणि दोन कलमे त्या एका दुपारी आडवी झाली. वाडीतून मुख्य रस्त्याला लागणारी वाट तर दिसतच नव्हती. वाडीत कटर दोनच होते, आणि दुसऱ्याला चेन नव्हती.

माझा कटर ऑक्टोबर २०१८ मध्ये चिपळूणहून २१,५०० रुपयांना घेतलेला, नामांकित कंपनीचा, १८ इंची बारचा. बार म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते ती लांब पट्टी. वर्षाची वॉरंटी वादळाच्या आधीच संपली होती. पहिल्या आठवड्यात तो रोज सहा-सात तास चालला. दापोलीहून कॅनमधून पेट्रोल आणायचे, लिटरमागे २० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल मोजून मिसळायचे, आणि दर दोन टाक्यांनंतर ४.८ मिलिमीटरच्या गोल कानशीने चेनला धार लावायची, असा क्रम होता. नारळाच्या खोडाने चेन फार लवकर बोथट होते आणि त्याचा काथ्या क्लचच्या झाकणात गच्च भरून बसतो. ते झाकण दिवसातून दोनदा उघडून ब्रशने साफ केले नाही तर यंत्र तापते. ही गोष्ट मी त्या आठवड्यात शिकलो आणि ती पाळली म्हणून ११ तारखेपर्यंत यंत्राची काही कुरकुर नव्हती.

उंडीचे झाड बांधावर होते. वादळाने ते निम्मे उपटले होते: एका बाजूची मुळे अजून जमिनीत, खोड तिरके, आणि शेंडा शेजारच्या उरलेल्या आंब्याच्या फांदीत अडकलेला. पूर्ण आडवे झालेले झाड कापणे सोपे असते, पण असे अधांतरी अडकलेले झाड कुठल्या बाजूने ताणलेले आहे आणि कुठल्या बाजूने दाबलेले आहे हे वरून कळत नाही. मी वरून काप घ्यायला सुरुवात केली. बार निम्म्यापर्यंत गेला असेल, तेवढ्यात काप मिटला आणि बार खोडात घट्ट अडकला. चूक माझीच होती, कारण ज्या बाजूला दाब होता त्याच बाजूने मी कापत होतो. इंजिन बंद केले, यंत्र तसेच झाडात लटकत ठेवले आणि पाचर व कुऱ्हाड आणायला गोठ्याकडे निघालो. वीसेक पावले गेलो असेन. आंब्याची फांदी मोडल्याचा आवाज आला, उंडी खाली बसली, तिचा बुंधा एकदा उसळून बाजूला सरकला आणि जिथे कटरचे मागचे हॅंडल होते तिथे येऊन थांबला.

चुलतभाऊ पलीकडे उभा होता. थोडा वेळ आम्ही दोघेही काही बोललो नाही. नंतर शेजारचे काका धावत आले आणि मी उभा आहे हे पाहून एवढेच म्हणाले, "तू आहेस ना? मग मशीनचं नंतर बघू."

खोड कुऱ्हाडीने तोडून यंत्र बाहेर काढायला संध्याकाळ झाली. मागचे हॅंडल पेट्रोलच्या टाकीसह फुटले होते, पुढचा हातरक्षक मुळासकट गेला होता, बार धनुष्यासारखा वाकला होता आणि चेन दोन ठिकाणी तुटली होती. इंजिनाचा भाग मात्र वरून धड दिसत होता. मी स्टार्टरची दोरी हलकेच ओढून पाहिली, ती नेहमीसारखी दाबासह आली, आणि इंजिन शाबूत आहे असे मी स्वतःच ठरवून टाकले. पुढे काय झाले ते पाहता मी त्या एका ओढीवर फारच विसंबलो. दोरी दाबासह आली तर सिलिंडर आणि पिस्टन ठीक आहेत एवढेच समजते. त्यांच्या खालची पेटी, म्हणजे क्रॅंककेस, फुटली आहे की नाही हे त्यावरून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी, १२ जूनला, तलाठी पंचनाम्यासाठी वाडीत आले. मी झाडांच्या यादीबरोबर कटरचे फोटो आणि जुने बिलही दाखवले. त्यांनी ते शांतपणे पाहिले आणि त्यांच्या तक्त्यात घर, गोठा, बाग यांना रकाने आहेत, यंत्राला नाही, असे सांगितले. शिवाय हे नुकसान वादळात झालेले नव्हते, वादळानंतर सफाई करताना झालेले होते. त्यांचे म्हणणे बरोबर होते, पण त्या क्षणी ते ऐकून घेणे जड गेले. त्यांनी एक सूचना केली ती उपयोगाची ठरली: पडलेल्या फणसाला हात लावण्याआधी त्याचे चारही बाजूंनी फोटो काढून अर्जासोबत द्या. आंबा, फणस, जांभूळ, किंजळ, आईन ही १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याच्या अनुसूचीतली झाडे आहेत आणि ती स्वतःच्या जागेत असली तरी तोडण्याआधी परवानगी लागते. उंडी त्या यादीत नाही.

दापोलीला जाणे १५ जूनला जमले. तिथले मेस्त्री स्कूटर, पाण्याचे पंप आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतात. हात चांगला आहे आणि बोलणे सरळ आहे. त्यांनी बाहेरचे सगळे भाग उतरवले, प्लग काढून सिलिंडरमध्ये बॅटरी मारून पाहिले आणि चार वस्तू लिहून दिल्या: बार, चेन, टाकीसह मागचे हॅंडल, हातरक्षक. इंजिन उघडायची गरज नाही यावर आमचे एकमत झाले. खरे तर ते मत माझे होते आणि त्यांनी ते खोडून काढले नाही. इंजिन उघडून तपासा, त्याचे वेगळे पैसे देतो, असे मी म्हणालो असतो तर त्यांनी ते केले असते.

भाग दापोलीत नव्हते. टाळेबंदीमुळे माल येत नव्हता आणि जे काही होते ते वादळानंतर पहिल्या चार दिवसांत संपले होते. पुण्यातल्या एका दुकानाचा नंबर मेस्त्रींनी दिला. वाडीत वीज नव्हती, मोबाइलचा मनोरा पडला होता, त्यामुळे फोन करायचा तर सड्यावर, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळावर, चढून जावे लागे. मी १६ तारखेला सड्यावर जाऊन फोन केला आणि "अठरा इंची बारची चेन" मागितली. दुकानदाराने मॉडेल विचारले, मी कंपनीचे नाव सांगितले, मॉडेल अंदाजाने सांगितले. पार्सल स्पीड पोस्टाने २५ जूनला आले. हॅंडल बरोबर होते, बार बरोबर होता, चेन आखूड होती.

या चेनच्या भानगडीवर जरा थांबतो, कारण ती मी ज्याला ज्याला सांगितली त्यातल्या बहुतेकांना ठाऊक नव्हती. बारची लांबी सांगून चेन मिळत नाही. तीन आकडे लागतात: पिच, म्हणजे दुव्यांमधले अंतर, गेज, म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या दुव्याची जाडी, आणि त्या खाचेत बसणाऱ्या दुव्यांची एकूण संख्या. माझ्या बारवर पिच .३२५, गेज .०५८ आणि संख्या ७२ असे बारीक अक्षरांत कोरलेले आहे. दुकानातून आलेली चेन १८ इंचीच होती, पिचही तोच, पण गेज .०६३ आणि दुवे ६८. ती दुसऱ्या कंपनीच्या बारची होती. वाकलेला बार माझ्याजवळ पडूनच होता. त्यावरचे आकडे वाचून सांगितले असते तर चार-पाच दिवस आणि ७०० रुपये वाचले असते. बार जुना होऊन आकडे पुसले गेले असतील तर तुटलेल्या चेनचे दुवे एकेक करून मोजावेत. तुटलेली चेन टाकून देऊ नये.

योग्य चेन शेवटी खेडच्या एका हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. ३० जूनला यंत्र परत हातात आले. खर्च असा झाला: बार १,१००, चेन ७००, टाकीसह हॅंडल १,२५०, हातरक्षक ३००, मजुरी ५००, म्हणजे ३,८५० रुपये. चुकीची चेन आणि टपालखर्च वेगळा. यंत्र मेस्त्रींच्या दुकानासमोर तिसऱ्या ओढीला सुरू झाले आणि मला इतका आनंद झाला की मी ते फक्त अर्धा मिनिट चालवून पाहिले आणि पोत्यात घालून घरी आणले.

१ जुलैला पावसाने दुपारी उघडीप दिली. आगराच्या कडेला पडलेल्या पोफळी कापायला घेतल्या. यंत्र जोरात चालत होते, खरे तर नेहमीपेक्षा जास्त जोरात, आणि मला ते नव्या चेनमुळे वाटले. दोन गोष्टी खटकत होत्या. ट्रिगर, म्हणजे वेग वाढवायचा खटका, सोडला तरी इंजिनाचा आवाज लगेच उतरत नव्हता, दोन-तीन क्षण चढाच राहून मग सावकाश खाली येत होता. आणि इंजिन नुसते चालू ठेवले तरी चेन थांबत नव्हती, बारवरून हळूहळू सरपटत होती. मी स्क्रूड्रायव्हरने आयडलचा, म्हणजे ट्रिगर न दाबता इंजिन किती वेगाने फिरावे ते ठरवणारा, स्क्रू थोडा सैल केला. चेन थांबली, पण इंजिन बंद पडू लागले. स्क्रू परत आवळला. असे तीन वेळा झाले. विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला आवाज एकदम बारीक, शिट्टीसारखा झाला आणि इंजिन मधेच थांबले. दोरी ओढली तर ती दगडाला बांधल्यासारखी, तसूभर हलेना. मफलरमधून, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या डब्यातून, करपलेल्या तेलाचा वास येत होता.

ज्यांनी हे कधी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो: टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमधूनच येते. क्रॅंककेसला कुठे बारीक फट असेल तर तिथून जादा हवा आत ओढली जाते, पेट्रोलचे प्रमाण कमी पडते, पेट्रोलबरोबर तेलही कमी पडते. इंजिन आधी जास्त वेगाने फिरते, माणसाला वाटते जोर वाढला, आणि मग पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. ट्रिगर सोडल्यावर आवाज न उतरणे ही याचीच खूण असते. आता मला तो आवाज झोपेतही ओळखता येईल.

त्यानंतरचे वीस दिवस वाया गेले. पावसाचा जोर, टाळेबंदीचे बदलते नियम, आणि खरे सांगायचे तर मनातून उतरलेला उत्साह. दापोलीच्या मेस्त्रींना फोनवर सांगितले तेव्हा ते अवघडले आणि मजुरी परत देतो म्हणाले. मी ती घेतली नाही. घरावर ओणवलेली एक फांदी आणि फणस काढणे भागच होते, म्हणून बाहेरचा कटरवाला बोलावला. त्या दिवसांत त्याचा दर दिवसाला २,५०० रुपये होता आणि मंडणगडपर्यंत त्याला मागणी होती. दोन दिवसांचे पाच हजार मोजले. महाग वाटले, पण त्याचे काम पाहून दोन गोष्टी शिकलो, त्यांतली एक खाली येईल.

२० जुलैला चिपळूणच्या अधिकृत सेवा केंद्रात यंत्र पोहोचवले. आमच्यापासून एका बाजूचे अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटर, मोटरसायकलवर, मागे पोते बांधून. जाण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करावी. माझ्याकडे थोडे पेट्रोल राहिले होते आणि ते खेडच्या आसपास पोत्यातून झिरपू लागले. केंद्राबाहेर दोरी बांधलेली, आत एका वेळी एकच माणूस. त्यांनी जमा-पावती दिली. तिच्यावर यंत्राचा क्रमांक, सोबत दिलेले सुटे भाग आणि "तपासणी शुल्क ४०० रुपये, दुरुस्ती केल्यास बिलातून वजा" असे छापलेले होते. पावतीवर बार आणि चेन नवीन असल्याचे मी लिहून घेतले. इंजिन उघडताना मला हजर राहायचे आहे, असेही सांगितले. हे ऐकून काउंटरवरच्या मुलाने मान वर करून पाहिले, पण नाही म्हणाला नाही. त्यांच्याकडे त्या वेळी वादळातून आलेली यंत्रे रांगेत होती. माझा क्रमांक २७ जुलैला लागला.

त्या दिवशी जे पाहिले ते आधी पाहिले असते तर, असे वाटत राहिले. तंत्रज्ञाने मफलर काढला. त्या भोकातून पिस्टनच्या बाजूवर उभे ओरखडे स्पष्ट दिसत होते. मग त्याने मफलरची आणि कार्बोरेटरची भोके रबरी पट्ट्या लावून बंद केली, एका नळीने आत हवेचा थोडा दाब दिला आणि साबणाच्या पाण्याचा ब्रश इंजिनभर फिरवला. काही क्षण काहीच नाही. मग बार ज्या दोन बोल्टांवर बसतो त्यातल्या मागच्या बोल्टाच्या बुडाशी एक बुडबुडा आला, फुटला, त्याच्या शेजारी दुसरा आला, आणि एका ओळीत बारीक फेस धरू लागला. त्याने फडक्याने जागा कोरडी केली, वात पेटवावी तसा दिवा जवळ धरला, आणि केसासारखी एक रेघ दाखवली. बोटाच्या एका पेराएवढी लांब. बोल्टापासून निघून ती पेटीच्या सांध्यापर्यंत गेली होती.

झाले होते ते असे: खोड पडले तेव्हा बार कापात अडकलेला होता आणि यंत्र मागून दाबले गेले. म्हणजे बार पहारीसारखा वापरला गेला आणि सगळा पीळ त्या बोल्टावर आला. हॅंडल फुटले ते दिसले. बोल्टाच्या बुडाशी जे झाले ते तेलकट भुशाखाली झाकलेले राहिले. तंत्रज्ञ म्हणाला, बार वाकून आलेले प्रत्येक यंत्र आम्ही आधी असे तपासतो, कारण वाकलेला बार म्हणजे बोल्टावर जोर आलाच. या तपासणीला त्याला वीस मिनिटे लागली. शुल्क ४०० रुपये. मी आधी ३,८५० खर्च केले होते.

भेग भरून काढता येईल का, असे मी विचारले, कारण वाडीत दोघांनी धातूची लुगदी लावायचा सल्ला दिला होता. त्याने नको म्हटले. पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते, साध्या वेल्डिंगवाल्याकडे ती नेऊ नये, ती पेट घेऊ शकते. लुगदी तेल आणि उष्णतेत किती टिकेल याची खात्री नाही, आणि पेटी जरा जरी वाकलेली असेल तर आतल्या बेअरिंगची रेष चुकते. वॉरंटीचा प्रश्नही मी विचारून घेतला. मुदत संपलेलीच होती, पण मुदतीत असते तरी झाड पडून झालेले नुकसान तिच्यात बसत नाही, असे त्यांनी कार्डावरचे कलम दाखवून सांगितले. ते कलम माझ्याही कार्डावर होते. मी ते कधी वाचले नव्हते.

अंदाजपत्रक लेखी मागितले आणि तिथेच मिळाले. क्रॅंककेसचा जोड ७,२००, सिलिंडर-पिस्टन संच ४,३००, सील आणि गॅस्केट ९००, मजुरी १,५००. बेरीज १३,९०० आणि १८ टक्के जीएसटी धरून १६,४०२ रुपये. क्रॅंककेस मागवावा लागणार, तीन आठवडे तरी. त्याच मॉडेलचा नवा कटर २४,८०० रुपयांना.

मी बाहेर येऊन रसवंतीच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून हिशोब केला. दुरुस्तीचा खर्च नव्या किमतीच्या दोन-तृतीयांश होत होता. तेवढे करूनही क्रॅंकशाफ्ट आणि बेअरिंग जुनेच राहणार होते, ज्यांनी एकदा जळणे सोसलेले आहे. फक्त बार, चेन, हॅंडल, झाकणे गेली असती तर दुरुस्तीच योग्य होती, याबद्दल मला शंका नाही. बाहेरचे भाग कितीही फुटलेले दिसले तरी ते स्वस्त असतात. प्रश्न पेटीपाशी येऊन थांबतो. तिसरा पर्यायही होता. बाजारात बिननावाची ५८ सीसीची यंत्रे सात-आठ हजारांत मिळत होती आणि वर्षातून चार वेळा सरपण फोडणाऱ्याला ती पुरतात. मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण आगरात अजून महिनाभराचे काम पडून होते आणि त्या यंत्रांचे सुटे भाग कोणाकडे मागायचे याचे उत्तर विकणाऱ्याकडेही नव्हते.

अनुदानाचा विचार मनात आला म्हणून कृषी सहायकांना तिथूनच फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "घेतलात का?" अवजारांच्या अनुदानात आधी अर्ज, मग पूर्वसंमती, आणि त्यानंतरच खरेदी असा क्रम असतो. आधीच्या तारखेचे बिल चालत नाही. संमतीला किती दिवस लागतील ते त्या गोंधळात सांगता येत नव्हते. मी थांबलो नाही. ज्यांना घाई नाही त्यांनी मात्र आधी हा एक फोन करावा.

तोच मॉडेल पुन्हा घेतला. त्यामागे कंपनीवरचे प्रेम वगैरे काही नव्हते. तोच मॉडेल म्हणजे महिन्यापूर्वी घेतलेला बार आणि चेन तशीच बसणार, कानस तीच, आणि जुन्या यंत्राचा कार्बोरेटर, स्टार्टर, क्लच, मागचे नवे हॅंडल हे सगळे सुटे भाग म्हणून फळीवर राहणार. जुने यंत्र घेऊन त्यांनी १,५०० रुपये कमी करायची तयारी दाखवली होती, ती मी नाकारली. वाया गेलेल्या ३,८५० पैकी बरेचसे असे परत मिळाले, असे मी मनाला समजावतो.

५,००० रुपये आगाऊ भरले. माल चार दिवसांत येणार होता, बारा दिवसांनी आला. ८ ऑगस्टला पुन्हा चिपळूण. बिलावर किंमत २१,०१७ आणि जीएसटी धरून २४,८००. बिलावरचा क्रमांक आणि यंत्रावर ठोकलेला क्रमांक जुळवून घेतला. काउंटरवर "भाड्याने देणार का?" असे विचारतात तो गप्पांचा प्रश्न नसतो. घरगुती वापर आणि धंद्याचा वापर यांची वॉरंटी वेगवेगळी असते आणि उत्तर कार्डावर लिहिले जाते. मी घरगुती लिहिले, आणि म्हणून वाडीत कोणी भाड्याने मागितला तर आता नाही म्हणतो. निघण्याआधी यंत्र तिथेच दहा मिनिटे चालवून पाहिले: ट्रिगर सोडल्यावर चेन थांबते का, ब्रेक ढकलल्यावर ती जागीच अडकते का, कोरड्या पुठ्ठ्यासमोर बारचे टोक धरल्यावर तेलाची रेघ उमटते का. जाळीचे हेल्मेट १,३५० रुपयांना वेगळे घेतले.

आता ती राहिलेली गोष्ट. बाहेरून आलेल्या कटरवाल्याचा बार फणसात अडकला तेव्हा त्याने इंजिन बंद केले, खिशातून पाना काढला, बारवरचे दोन नट सोडले, आणि इंजिन उचलून बाजूला नेऊन ठेवले. झाडात राहिले ते फक्त बार आणि चेन, अठराशे रुपयांचे सामान. मिनिटभराचे काम होते. तो पाना माझ्याकडेही आहे, यंत्रासोबतच येतो, टी आकाराचा, एका टोकाला पाना आणि दुसऱ्याला स्क्रूड्रायव्हर. ११ जूनला तो गोठ्यातल्या खिळ्याला टांगलेला होता. चिपळूणच्या तंत्रज्ञालाही मी हे बोललो. तो म्हणाला, युक्ती बरोबर आहे, पण अडकून राहिलेल्या झाडाखाली ती करायला थांबू नका. त्या दिवशी पाना खिशात असता तर मी नक्कीच थांबलो असतो, आणि फांदी केव्हा मोडली ते पाहता पाना गोठ्यात राहिला हे बरेच झाले. आडव्या, जमिनीवर टेकलेल्या झाडासाठी मात्र तो खिशात हवा. आता माझ्या यंत्राच्या मागच्या हॅंडलला तो सुतळीने बांधलेला असतो आणि अडकलेले झाड आम्ही आधी दोर लावून लांबून ओढून खाली पाडतो, कितीही वेळ लागला तरी.

बागेची भरपाई ऑगस्टच्या शेवटी खात्यात आली. हेक्टरी ५०,००० रुपयांच्या दराने अठरा गुंठ्यांचे ९,००० झाले. कटरच्या हिशोबात ते धरावेत की नाही यावर घरात दोन मते आहेत.

१६ ऑगस्टला उंडी पुन्हा कापायला घेतली. दोन महिने पावसात पडून खोडाचा रंग काळपट झाला होता आणि माझा अर्धवट काप तसाच उघडा होता, त्यात पाणी साचलेले. शेजारी दुसरा काप घेतला, या वेळी खालून वर. बुंधा बाजूला लोटला तेव्हा त्याच्या खाली चिखलात जुन्या हातरक्षकाचा नारिंगी तुकडा रुतलेला सापडला. नव्या यंत्राचे आतापर्यंत सात तास झाले आहेत, फळीवरच्या वहीत रोज लिहितो. पहिली सर्व्हिस दहा तासांनी आहे आणि त्यासाठी यायच्या आधी फोन करा असे केंद्राने बजावले आहे.